जुन्या छोट्या गाडीला हलके बोल्ट: घरच्या घरी, एकेक करून

५/१६ इंची, एक इंच लांबीचा षट्कोनी पोलादी बोल्ट वजनकाट्यावर ठेवला की आकडा साधारण १४ ग्रॅम दाखवतो. तोच बोल्ट टायटॅनियमचा असेल तर ८ ग्रॅम, आणि ॲल्युमिनियमचा असेल तर ५. या कामात मिळायचं ते एवढंच: एका बोल्टमागे सहा किंवा नऊ ग्रॅम. असे शंभर बोल्ट टायटॅनियमचे केले तर सहाशे ग्रॅम वाचतात, म्हणजे टाकीतल्या पाऊण-एक लिटर पेट्रोलचं वजन. हा हिशोब मी मुद्दाम सुरुवातीलाच मांडतोय, कारण गाडी एकदम चपळ होईल या आशेने काम काढलंत तर पदरी निराशा येईल.

तरीही मी हे काम मनापासून करतो आणि इतरांनाही करायला सांगतो. १९५९ची मूळ मिनी घ्या किंवा १९५७ची फियाट ५००. या गाड्यांचं वजनच मुळात ५०० ते ६०० किलोंच्या घरात. ज्यांनी त्या आखल्या त्यांनी प्रत्येक पत्र्याचा विचार केला होता. साठ वर्षांत मात्र हाती लागेल तो बोल्ट जिथे बसेल तिथे ठोकला गेलेला असतो: लांबीला जास्त, चुकीच्या आट्यांचा, खाली तीन-तीन वॉशर. हलके बोल्ट लावायच्या निमित्ताने एकेक बोल्ट बाहेर येतो, त्याचे आटे साफ होतात आणि तो तिथे कशासाठी आहे हे आपल्याला कळतं. खरा फायदा तिथे आहे, आणि ग्रॅम त्यावरचा नफा.

आधी गाडीचे तीन भाग पाडा

एकही बोल्ट विकत घेण्याआधी वही घेऊन गाडीभोवती फिरा. प्रत्येक बोल्टला एकच प्रश्न विचारायचा: हा तुटला तर काय होईल?

तुटल्यावर माणसाच्या जिवाला धोका असेल तर तो बोल्ट पोलादीच राहणार. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सबफ्रेमच्या मांडण्या, इंजिन माउंटिंग, चाकांचे स्टड आणि नट, सीटचे पाय, सीटबेल्टचे अँकर. सीटबेल्टच्या अँकरला बहुतेक गाड्यांत ७/१६ इंची, वीस आट्यांचा जाडजूड बोल्ट असतो. तो जाडजूड आहे याला कारण आहे, त्याला हात लावायचा नाही. फ्लायव्हील, कनेक्टिंग रॉड आणि सिलिंडर हेडचे स्टडही याच गटात. शर्यतीच्या गाड्यांत यांतल्या काही जागी टायटॅनियम असतं हे खरं, पण तिथे त्या जागेसाठी आखलेला भाग असतो आणि तो ठरावीक तासांनी बदलला जातो. घरी बाजारातला बोल्ट आणून ती नक्कल करायची नसते.

तुटल्यावर गाडी रस्त्यात बंद पडेल पण कुणाला इजा होणार नाही, असे बोल्ट दुसऱ्या गटात. टायमिंग कव्हर, पाण्याचा पंप, कार्ब्युरेटरच्या मांडण्या. इथे चांगलं टायटॅनियम चालतं, ॲल्युमिनियम नको. डायनॅमो किंवा अल्टरनेटरची कंस-पट्टी दिसायला किरकोळ वाटते, पण ती सतत थरथरत असते आणि तिथले बोल्ट थकून तुटतात. मी ते पोलादीच ठेवतो.

तिसरा गट म्हणजे तुटला तर फक्त खडखड होईल असा. जाळी, नंबरप्लेट, आतले पत्रे आणि पुठ्ठे, डॅशखालचे कंस, रेडिएटरचं आच्छादन, एअर फिल्टरची पेटी. ॲल्युमिनियमची जागा इथे. नंबरप्लेट आणि आतल्या सजावटीला तर नायलॉनचे स्क्रूही पुरतात. नायलॉन पोलादाच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढं भरतं आणि कधी गंजत नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा वेगळा उल्लेख करतो, कारण चूक तिथे हमखास होते. ॲल्युमिनियम तिथे अजिबात नको: ७०७५ हा मिश्रधातू थंडपणी पोलादाच्या तोडीचा वाटतो, पण दीडशे अंशांच्या आसपासच त्याचा जोर ओसरू लागतो. जुन्या गाड्यांत तिथे पितळी नट लावायची रीत आहे. पितळ स्टडला चिकटून बसत नाही, म्हणून ती रीत. ती मोडू नका.

आटे ओळखणं

इथे घाई केली की गाडीचं कायमचं नुकसान होतं. मिनीसारख्या जुन्या ब्रिटिश गाडीत बहुतेक ठिकाणी यूएनएफ म्हणजे बारीक इंची आटे असतात, आणि ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांत बऱ्याचदा यूएनसी म्हणजे जाड आटे, कारण मऊ धातूत जाड आटे जास्त चांगले धरतात. फियाट ५०० आणि बीटल मेट्रिक आहेत. शिवाय मधल्या काळात कुणी काय घुसवलंय ते देव जाणे.

५/१६ इंच म्हणजे ७.९४ मि.मी. एम८ शी (म्हणजे ८ मि.मी. व्यासाच्या मेट्रिक बोल्टशी) फरक केसाएवढा. म्हणून एम८चा बोल्ट ५/१६च्या भोकात दीड-दोन आटे गोडीगुलाबीने शिरतो आणि मग अडतो. पण अंतर बघा: एम८चा आटा १.२५ मि.मी.चा, ५/१६ यूएनएफचा २४ आटे प्रति इंच म्हणजे साधारण १.०६ मि.मी.चा, आणि यूएनसीचा १८ आटे म्हणजे १.४१. अडल्यावर पान्याने जोर लावला की ओतीव भागातले आटे भुगा होऊन बाहेर येतात. नियम साधा आहे: नवा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा. जात नसेल तर तो बोल्ट त्या भोकाचा नाही, किंवा भोक घाण आहे.

आटे मोजायची पात्यांची फणी, म्हणजे पिच गेज, घ्याच. आट्यांत पातं बसवून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला की माप चुकलं. पान्यांचंही तसंच. ५/१६च्या बोल्टला अर्धा इंची एएफ पाना लागतो (एएफ म्हणजे डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर), म्हणजे १२.७ मि.मी. त्यावर १३चा पाना बसतो, पण सैल बसतो, आणि गंजलेल्या बोल्टाचे कोपरे तेवढ्यानेच गोल होतात. पाव इंचीला ७/१६ आणि ३/८ ला ९/१६ एएफ. सहा कोनांचेच सॉकेट वापरा, बारा कोनांचे नकोत.

माल पारखून घेणं

टायटॅनियमच्या बोल्टवर ग्रेड ५ असं लिहिलेलं असतं. हा सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू. त्याची ताणशक्ती साधारण ९०० मेगापास्कल, म्हणजे ८.८ दर्जाच्या पोलादी बोल्टपेक्षा (८००) थोडी जास्तच, पण १०.९ पेक्षा (१,००० च्या वर) कमी. यावरून एक गोष्ट ठरते: जिथे मूळ बोल्टच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ कोरलेलं आहे, किंवा इंची बोल्टवर सहा रेघा आहेत, तिथे टायटॅनियमने बदल करायचा नाही. तीन रेघांचा इंची बोल्ट साधारण ८.८ च्या बरोबरीचा. पोलादी इंची बोल्टांतही ग्रेड ५ असतो, त्याचा टायटॅनियमच्या ग्रेड ५शी काही संबंध नाही. आणि टायटॅनियमचा ग्रेड २ म्हणजे जवळजवळ शुद्ध टायटॅनियम, तो बराच मऊ. दिसायला दोन्ही सारखेच.

खोटा माल ओळखायला लोहचुंबक पुरत नाही. चुंबक टायटॅनियमला चिकटत नाही हे खरं, पण बऱ्याचशा स्टेनलेस बोल्टांनाही तो जेमतेमच चिकटतो. त्यापेक्षा ही चाचणी करा. ०.१ ग्रॅमचा वजनकाटा घ्या. एका जातीचे दहा बोल्ट एकत्र तोला. समजा ८० ग्रॅम भरले. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. दहाही बोल्ट बारीक दोऱ्याने एकत्र बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण पेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, हातात धरून ठेवा. आट्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे हलवून काढा. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर बोल्टांचं आकारमान. काटा १८ दाखवत असेल तर ८० भागिले १८, म्हणजे ४.४४. टायटॅनियमची घनता ४.४३ असते. पोलाद आणि स्टेनलेस ७.८ ते ८च्या आसपास, ॲल्युमिनियम २.७ ते २.८. दहा मिनिटांचं काम आहे आणि मी प्रत्येक पाकिटावर ते करतो. ग्रेड २ आणि ग्रेड ५ मधला फरक मात्र यातून कळत नाही, तिथे बनवणाऱ्याच्या प्रमाणपत्रावरच विसंबावं लागतं.

स्टेनलेस हलकं असतं असा एक समज आहे. ते पोलादाएवढंच, किंबहुना किंचित जड असतं. गंजत नाही एवढाच त्याचा गुण.

पैसे न खर्चता वाचणारे ग्रॅम

५/१६ च्या बोल्टचं जादा शेपूट दर १० मि.मी.ला ३ ग्रॅम भरतं. म्हणजे नटाबाहेर २० मि.मी. लोंबणारा पोलादी बोल्ट योग्य लांबीचा केला की टायटॅनियम लावल्याइतकीच बचत होते, तीही फुकटात. साधा वॉशर पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, स्प्रिंग वॉशर त्याहून जरासा हलका. जिथे बोल्ट, वॉशर आणि स्प्रिंग वॉशर असा डोलारा आहे तिथे एकच फ्लँज बोल्ट, म्हणजे डोक्यालाच वॉशरसारखी रुंद कड असलेला बोल्ट, बसतो. माझ्या अनुभवात निम्मी बचत या साफसफाईतूनच येते, म्हणून नवा माल मागवण्याआधी ती उरका. नटाबाहेर दोन ते तीन पूर्ण आटे दिसले पाहिजेत, त्याहून कमी नको. आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकात बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जात असेल तर व्यासाच्या दुप्पट लांबी आत धरली पाहिजे, ओतीव लोखंडात दीडपट पुरते. आणि बोल्ट भोकाच्या तळाला टेकत नाही ना हेही बघा. टेकला तर पान्याला घट्ट लागतो पण झाकण सैलच राहतं.

पोलादी बोल्ट कापायला हॅकसॉ पुरतो. कापण्याआधी त्यावर नट चढवून ठेवा, कापून झाल्यावर तो नट उलटा काढला की कापलेल्या टोकाचे आटे आपोआप सरळ होतात. टायटॅनियम घरी ग्राइंडरवर धरू नका. त्याचा बारीक भुगा पेट घेतो, आणि त्या आगीवर पाणी ओतलं तर ती भडकते. हव्या त्या लांबीचेच विकत घ्या.

धातूंची जोडी

हा भाग मी एकदा अंगावर घेऊन शिकलो. हेडलाइटच्या रिंगेला मी ॲल्युमिनियमचे रंगीत स्क्रू लावले होते, खाली पोलादी पत्रा. ओल्या रस्त्यांवर सहा महिने गाडी चालली. मग एक दिवस बल्ब बदलायला स्क्रूड्रायव्हर लावला तर डोकं अलगद निघून हातात आलं, आणि भोकात ओल्या पिठासारखी पांढरी पूड. बाकी तीन स्क्रूंची तीच गत. आतला भाग ड्रिलने काढण्यात अख्खी दुपार गेली आणि रिंगेवर ओरखडा पडला तो वेगळाच.

कारण असं: दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की छोटी बॅटरी तयार होते आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो. ॲल्युमिनियम आणि पोलाद यांत ॲल्युमिनियम झिजतं. मोठ्या पत्र्यात चिमुकला स्क्रू असेल तर सगळी झीज त्या एवढ्याशा स्क्रूवर येते. उलट मोठ्या ॲल्युमिनियमच्या भागात छोटा टायटॅनियमचा बोल्ट लावला तर झीज मोठ्या भागावर पसरते आणि मंद होते, पण आट्यांपाशी ती होतेच. म्हणून माझी जुळणी अशी: ॲल्युमिनियमचे बोल्ट फक्त ॲल्युमिनियमच्या भागात किंवा गाडीच्या आत कोरड्या जागी; टायटॅनियम ओतीव लोखंडात आणि पोलादात निर्धास्त; टायटॅनियम ॲल्युमिनियममध्ये लावायचं तर आट्यांना आणि डोक्याखाली अँटी-सीझ लेप (आटे जाम होऊ न देणारा) लावल्याशिवाय नाही. हा लेप निकेलचा घ्या. तांब्याचा लेप ॲल्युमिनियमजवळ नको, तांबंही तीच बॅटरी पेटवतं.

बीएमडब्ल्यूने एन५२ इंजिनाच्या मॅग्नेशियमच्या आवरणाला कारखान्यातच ॲल्युमिनियमचे बोल्ट लावले ते याच कारणाने. मॅग्नेशियमला पोलाद सोसत नाही. पण ते बोल्ट एकदा काढले की फेकून नवेच लावायचे असतात. घरच्या कामातही हाच नियम पाळा: जोर देऊन आवळलेला ॲल्युमिनियमचा बोल्ट पुन्हा वापरायचा नाही.

टायटॅनियमला आणखी एक खोड आहे. कोरड्या आट्यांवर ते स्वतःलाच चिकटतं, फिरता फिरता जाम होतं आणि मग पुढेही जात नाही, मागेही येत नाही. त्यामुळे टायटॅनियमच्या बोल्टवर टायटॅनियमचा नट नको, पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा घ्या, लेप लावा आणि हाताने सावकाश आवळा. इम्पॅक्ट गनला इथे काम नाही.

आता प्रत्यक्ष काम

आदल्या रात्री सगळ्या जुन्या बोल्टांना भेदक तेल लावून ठेवा. सकाळी बॅटरीची ऋण तार सोडा. गाडीखाली जायचं असेल तर जॅकच्या भरवशावर नाही, स्टँडवरच. इंजिन पूर्ण थंड हवं.

एक पुठ्ठा घ्या आणि त्यावर झाकणाची बाह्यरेषा काढा. बोल्ट जिथे असतील तिथे भोकं पाडा. निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या भोकात खोचायचा. टायमिंग कव्हरसारख्या झाकणाचे बोल्ट कधी कधी वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब बोल्ट चुकीच्या जागी गेला तर आत नको तिथे टेकतो.

जुना बोल्ट सोडवताना आधी जरासा घट्ट करा, अगदी केसभर. गंजाचा थर मोडल्याचा टक असा आवाज येतो, मग उलटा फिरवा. येत नसेल तर ओढाताण नको. तेल, थांबणं, पुढे-मागे करणं, पुन्हा तेल. ज्योत लावायचीच वेळ आली तर इंधनाची नळी, कार्ब्युरेटर आणि आत्ताच शिंपडलेलं ते तेल, तिन्हींचा विचार करून लावा.

बोल्ट निघाला की भोक साफ करायचं. आटे कापणारा टॅप नको. तो थोडा धातू खातोच आणि जुन्या आट्यांत खायला फारसं उरलेलं नसतं. आटे नुसते सरळ करणारा चेसर मिळतो, तो घ्या. नाही मिळाला तर त्याच मापाच्या जुन्या पोलादी बोल्टला हॅकसॉने लांबीत दोन चिरा पाडा, तेल लावून हाताने आत-बाहेर फिरवा. घाण चिरांत साठते. मग नळीने हवा मारा, डोळ्यांवर चष्मा हवाच.

गॅस्केट चांगलं असेल तर झाकण न उघडता एक काढा, एक लावा असं करता येतं. फक्त सगळे बोल्ट आधी सैलसर बसवा आणि मग समोरासमोरच्या जोड्यांनी दोन-तीन टप्प्यांत आवळा.

आवळण्याचा जोर इथे सगळ्यात महत्त्वाचा. मॅन्युअलमधला आकडा बहुधा कोरड्या किंवा हलकं तेल लावलेल्या पोलादी बोल्टचा असतो. लेप लावल्यावर घर्षण घटतं, आणि तितक्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. म्हणून टायटॅनियमला लेप लावून मी मूळ आकड्याच्या चार-पंचमांश जोर देतो: मॅन्युअल २५ न्यूटन-मीटर म्हणत असेल तर २०. ॲल्युमिनियमला बनवणाऱ्याचा तक्ता असेल तर तो, नसेल तर मूळच्या निम्मा. निम्म्या जोरावर ती जागा सैल पडेल असं वाटत असेल, तर ती जागा ॲल्युमिनियमची नाही. मोठ्या टॉर्क पान्याचा खालचा टप्पा विश्वासाचा नसतो. ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा पाना वेगळा ठेवा.

थरथरणाऱ्या जागी लेपाऐवजी मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर लावा, दोन्ही एकत्र नाही. हे द्रव धातूच्या स्पर्शाने घट्ट होतं, पण टायटॅनियम आणि ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियम या बाबतीत आळशी आहेत. सोबतचा ॲक्टिवेटर फवारा, नाहीतर पूर्ण दिवसभर गाडी सुरू करू नका. आत नायलॉनचं कडं असलेला नट वापरणार असाल तर तो गरम जागी नको, सव्वाशे अंशांच्या आसपास ते कडं मऊ पडतं.

प्रत्येक बोल्ट आवळून झाला की डोक्यावरून शेजारच्या भागापर्यंत रंगाच्या पेनाने एक सरळ रेघ ओढा. वहीत जागा, माप, धातू, जोर आणि तारीख लिहा. जुन्या आणि नव्या बोल्टचं वजनही लिहा; महिन्याभराने बेरीज मारताना मजा येते.

शंभरेक किलोमीटर चालवल्यावर इंजिन थंड करून टॉर्चने सगळ्या रेघा बघा. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरलाय. थ्रेडलॉकर लावलेल्या बोल्टवर मात्र खात्रीसाठी पुन्हा पाना लावू नका, चिकटलेला थर फुटतो. तिथे रेघच बघायची. पाचशे किलोमीटरनंतर परत एकदा, आणि मग तेल बदलताना दरवेळी. एकच रेघ दोनदा तुटली तर त्या भोकात मूळचा पोलादी बोल्ट परत लावा. तेवढ्यासाठीच पुठ्ठा टाकून देऊ नका, बोल्टांसकट तेलाचं फडकं गुंडाळून ठेवा.